सुवार्ता सभेनंतरचा रविवार : वाचकांचे प्रश्न

स्थानिक मंडळीने (चर्चने) सुवार्ताप्रसाराचे, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगण्याचे, काम प्रत्यक्षात कसे करावे, या विषयावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : प्रभूच्या नावात सलाम. आमच्या मंडळीत दरवर्षी तीन दिवसांची सुवार्ता सभा होते. वक्ते बाहेरून येतात. मांडव, ध्वनिक्षेपक आणि जेवण यांवर वर्षाच्या वर्गणीचा मोठा भाग खर्ची पडतो. तिसऱ्या रात्री ख्रिस्ताला स्वीकारतो म्हणून हात वर करणारे पुष्कळ असतात, पण पुढच्या रविवारी त्यांपैकी कोणी उपासनेला दिसत नाही. तरुण म्हणतात की सभा बंद करा. वडीलमंडळी म्हणतात की सभा बंद केली तर सुवार्ताच बंद होईल. आम्ही काय करावे?
– पास्टोरेट (स्थानिक मंडळीच्या) समितीचे सचिव, खानापूर तालुका

उत्तर : सभा बंद केली तर सुवार्ता बंद होईल ही वडीलमंडळींची भीती आणि सभा झाली म्हणजे सुवार्ता पोहोचली हे समितीचे समाधान, या दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : सुवार्ता सांगणे हे बाहेरून येणाऱ्या वक्त्याचे काम, आणि मंडळीने फक्त मांडव घालायचा, जेवणाची सोय पाहायची व शेवटच्या रात्री आभार मानायचे. ही समजूत आहे तोवर सभा घेतली काय आणि न घेतली काय, आपण वर्णन केलेला पुढचा रविवार तसाच राहील.

नव्या करारात ज्याला नाव घेऊन ‘सुवार्तिक’ म्हटले आहे तो फिलिप्प मूळचा यरुशलेमेच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या अन्नवाटपाची व्यवस्था पाहण्यासाठी निवडलेल्या सात जणांपैकी एक होता (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ व २१). त्याने शोमरोनात जमावापुढे प्रवचन केले, त्यामुळे जाहीर सभा शास्त्राला धरून नाही असे कोणी म्हणू नये. परंतु त्याच आठव्या अध्यायात तो गाझाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेवर एका कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याच्या रथाजवळ धावत जातो, तो काय वाचत आहे हे आधी ऐकतो, वाचलेले समजते का असे विचारतो, आणि रथात येऊन बसण्याची विनंती त्याला त्या प्रवाशाकडून होते. आपल्या सभांत यातला पहिला भाग असतो, दुसरा नसतो.

आमचे मत असे की यंदाची सभा पुढे ढकलावी आणि तिच्यासाठी ठेवलेली रक्कम वर्षभराच्या गृहभेटींसाठी, म्हणजे प्रवासखर्च, मोठ्या अक्षरातील मराठी नवे करार आणि भेटीला जाणाऱ्यांचे प्रशिक्षण यांसाठी राखून ठेवावी. आधी गेल्या दोन सभांत हात वर केलेल्यांची यादी शोधावी. अनेक ठिकाणी ही यादी वक्त्याबरोबर निघून जाते आणि मंडळीकडे फक्त छायाचित्रे उरतात. यादी मिळाली की त्यांतल्या प्रत्येक घराला मंडळीतील एक कुटुंब नेमून द्यावे, आणि ते शक्यतो त्याच गावचे असावे, कारण जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांत पावसाचे चार महिने असे असतात की शहरातून निघालेला सेवक पोहोचेलच असे नाही, शेजारी मात्र रोज भेटतो. रोपलावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत भेट म्हणजे बांधावर जाऊन हात लावणे, हे आमच्यापेक्षा आपणांस अधिक ठाऊक आहे.

पुन्हा सभा घ्यायचीच झाली तर ती एका संध्याकाळची घ्यावी आणि बोलणारे मंडळीतलेच असावेत. मेथडिस्ट सुवार्तिक ई. स्टॅन्ली जोन्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील अनेक शहरांत गोलमेज बैठका घेतल्या. तेथे वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकत्र बसत आणि प्रत्येकाने आपल्या धर्माने आपल्या जगण्यात प्रत्यक्ष काय दिले एवढेच सांगायचे, वाद घालायचा नाही, असा नियम असे. दहा-बारा जणांची अशी बैठक खानापुरात एखाद्या शिक्षकाच्या पडवीतही होऊ शकते. अर्थात अशा बैठकीत आपल्यालाही दुसऱ्याचे ऐकावे लागते, आणि सभेत तो प्रसंग येत नाही.

प्रश्न : एक कुटुंब काही वर्षांपासून आमच्या उपासनेला नियमित येत होते. त्यांचा बाप्तिस्माही झाला आहे. परंतु सभासदांच्या यादीत त्यांचे नाव घेण्याचे काम समितीत लांबत राहिले. त्यांच्या घरातील आजी वारल्या तेव्हा दफनभूमीत जागा देण्यावरून वाद झाला आणि ‘ही जागा जुन्या घराण्यांची आहे’ असे काहींनी त्यांच्यासमोर म्हटले. जागा शेवटी मिळाली, पण कुटुंब येईनासे झाले. आता गावात सुवार्ता सांगायला गेलो की लोक हीच गोष्ट काढतात.
– मंडळीतील एक वडील, बेळगाव तालुका

उत्तर : लोक ती गोष्ट काढतात ते योग्यच करतात. जो मनुष्य ख्रिस्ताविषयी विचार करू लागतो, तो आपल्या प्रवचनातले सिद्धांत तपासण्याआधी काही साधे प्रश्न मनाशी विचारतो : मी मेलो तर मला खांदा कोण देईल, माझ्या मुलीचे लग्न कोणत्या घरात होईल, सणावाराला माझ्या दारात कोण येईल. खेड्यात या सर्वांची उत्तरे भावकीकडे असतात. बाप्तिस्मा घेताना तो मनुष्य ती भावकी अंशतः तरी गमावतो आणि तिच्या जागी मंडळी उभी राहील असे गृहीत धरतो. आपल्या मंडळीने त्या कुटुंबाला पहिल्याच मोठ्या प्रसंगी सांगितले की ती उभी राहणार नाही. त्यानंतर पत्रके वाटली, सभा घेतल्या, घरोघर फिरलो, तरी गाव त्या दफनभूमीवरूनच आपल्याला ओळखणार.

‘जुनी घराणी’ या शब्दांत पुष्कळदा जात दडलेली असते, हेही उघड बोलले पाहिजे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात चांगल्या वस्त्रांतल्या पाहुण्याला बसायला जागा आणि गरिबाला ‘तिकडे उभा राहा’ असे सांगणाऱ्या मंडळीची जी कानउघाडणी केली आहे, ती आपल्या बाकांनाही लागू पडते. दुसरीकडे, अनुसूचित जातींतून आलेल्या कुटुंबाला बाप्तिस्म्याची जी किंमत मोजावी लागते तिची जाणीव जुन्या सभासदांना क्वचितच असते. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा आरंभी फक्त हिंदूंना होता. त्यात १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र आजही त्याबाहेर आहेत. शिष्यवृत्ती, नोकरी आणि पंचायतीतील राखीव जागा या सर्वांवर पाणी सोडून जो येतो, त्याला दफनासाठी सहा फूट जागा देताना इतिहास विचारणे हे आम्हांला लाजिरवाणे वाटते. काही कुटुंबे या कारणामुळेच कागदावर एक आणि रविवारी दुसरे असे जगतात. त्यांना दोष देण्याची घाई पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्यांनी करू नये.

आता प्रत्यक्षात काय करावे. प्रथम समितीने, पाळकसाहेबांना एकटे न पाठवता, ज्यांनी ते शब्द उच्चारले त्यांच्यासह त्या कुटुंबाच्या घरी जाऊन क्षमा मागावी. ते परत येतील की नाही हा हिशेब तेव्हा मनात ठेवू नये. नंतर सभासदत्वाचा नियम लेखी करावा : बाप्तिस्म्यानंतर किती महिन्यांत नाव यादीत येईल, ते न आल्यास सचिव कोणाला उत्तर देईल, आणि प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी), समितीची निवडणूक व दफनभूमी यांत नव्या-जुन्यांमध्ये कोणताही फरक राहणार नाही. ज्यांचे कोणी नातलग मंडळीत नाहीत त्यांच्या अंत्यविधीचा खर्च व खांदेकरी मंडळीचा, असा ठराव वार्षिक सभेत करून तो उपासनेत वाचून दाखवावा. लग्नाचा प्रश्न ठरावाने सुटत नाही. तो जुन्या घरांतील आई-वडील नव्या घरांत सोयरीक करतात तेव्हाच सुटतो, आणि त्याची सुरुवात समितीच्या सभासदांच्या घरांतून झाली तर बरे. हे होईपर्यंत या गावात नव्या माणसाला बाप्तिस्म्याचे आमंत्रण देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमची उपासना पूर्णपणे मराठीत होते. शेजारची काही कन्नड भाषक कुटुंबे प्रार्थनेला येऊ लागली आहेत, आणि आमच्या मंडळीतील अनेक मुलेही आता कन्नड माध्यमात शिकतात. कन्नडमधून एखादे गीत घेण्याचे तरुण संघाने सुचवले तेव्हा ‘आज गीत, उद्या पाटी, परवा मंडळी’ असे उत्तर मिळाले. सीमाभागातील मराठी मंडळीने काय करावे?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बेळगाव शहर

उत्तर : ज्या वडीलधाऱ्यांनी असे उत्तर दिले त्यांची धास्ती पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९५६ पासून या भागात शाळा, दुकानाच्या पाट्या आणि सरकारी कागद यांतून मराठी हळूहळू मागे सरताना त्यांनी पाहिली आहे, आणि रविवारची उपासना ही अजून पूर्ण आपल्या असलेल्या थोडक्या जागांपैकी एक आहे. सीमाप्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते असो. पण दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला लावणे हे मंडळीचे काम नाही.

बेळगावच्या मंडळीचा इतिहासही एका भाषेचा नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर यांनी १८२० मध्ये येथे काम सुरू केले आणि पुढे १९०४ मध्ये ते काम मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीकडे आले. लष्करी छावणीमुळे या शहरात नेहमीच अनेक भाषांचे लोक राहत आले. दक्षिणेला धारवाडात बासेल मिशनचे काम १८३७ पासून कन्नडमध्ये चालू होते. याच बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेले बाबा पदमनजी येथील मिशन शाळेत शिकले, १८५४ मध्ये येथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे मराठी ख्रिस्ती गद्याचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना झाली. मराठीला आपल्या मंडळीत मान हवा यासाठी हा वारसा पुरेसा आहे, आणि कन्नड गीताने तो पुसला जाण्याइतका कच्चा नाही.

वर फिलिप्पाचा उल्लेख आला आहे. ज्या तक्रारीतून त्याची निवड झाली ती भाषेचीच होती : ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांची उपेक्षा होते आणि इब्री बोलणाऱ्यांना अन्न व्यवस्थित मिळते, अशी कुरबुर मंडळीत झाली. प्रेषितांनी दोन मंडळ्या केल्या नाहीत. सात जण निवडले, आणि त्या साती जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेतल्या लोकांच्या हाती वाटपाची वाढणी आली. भारतात काम केलेले मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचे म्हणणे असे होते की भाषा व जातीच्या भिंती ओलांडायला न लावता त्या त्या समाजात स्वतंत्र मंडळ्या वाढू द्याव्यात. पहिल्यांदा ऐकायची सुवार्ता मनुष्याला त्याच्या आईच्या भाषेत मिळावी, एवढ्यापुरते त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. परंतु त्या भिंती प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत नेल्या तर आधीच्या प्रश्नातील दफनभूमी तयार होते.

म्हणून मुख्य उपासना मराठीतच राहू द्यावी. शास्त्रपाठ मराठीनंतर कन्नडमध्ये वाचावा, आणि तो वाचणारी व्यक्ती त्या नव्या कुटुंबांतली असावी. घरगुती प्रार्थना ज्या घरी असेल त्या घराच्या भाषेत घ्यावी. महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी, दोन्ही भाषांत प्रार्थना व गीते घ्यावीत. तरुण संघाने एक काम लगेच हाती घेण्यासारखे आहे : नेहमीची पन्नासेक मराठी गीते कन्नड लिपीत आणि काही कन्नड गीते देवनागरीत लिहून त्यांची वही तयार करावी. कन्नड माध्यमात शिकणारी आपलीच मुले मराठी बोलतात, पण गीतपुस्तक हातात घेऊन नुसती ओठ हलवतात, हे आपण पाहिले असेलच. अशा वहीचा पहिला उपयोग त्यांनाच होईल, आणि मग कदाचित वडीलमंडळींचा विरोधही मावळेल.

प्रश्न : मी विड्या वळते. आमच्या गल्लीतल्या बायका आजारपणात मला प्रार्थनेला बोलावतात. काही जणी बऱ्या होतात, काही होत नाहीत. एका तरुण उपदेशकाने मला सांगितले की ‘विश्वास ठेवलात तर औषधाची गरज नाही’ असे ठामपणे सांगावे, तरच साक्ष होते. मला ते पटत नाही.
– एक भगिनी, निपाणी

उत्तर : आपल्याला पटत नाही ते बरोबर आहे. ताई, आपण जे करता ते आपल्या मंडळ्यांत पूर्वी बायबल वुमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, घरोघर जाऊन प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांनी केलेले काम आहे, आणि ते कोणाही उपदेशकाच्या सल्ल्याने बदलू नका. बोलावल्याशिवाय जात नाही, घरातल्यांना माहीत असते, आणि दार उघडे असते, एवढे पाळत असाल तर आपली पद्धत उत्तम आहे.

औषध बंद करायला मात्र कोणालाही, कधीही सांगू नये. तंबाखूच्या धुळीत वर्षानुवर्षे बसणाऱ्या बायकांत खोकला हा नेहमीचाच मानला जातो आणि म्हणून क्षयरोग उशिरा लक्षात येतो. त्याची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि ती साधारणपणे किमान सहा महिने न चुकवता घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर पुढे तीच औषधे लागू पडेनाशी होण्याचा धोका असतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या बाईबरोबर प्रार्थनेनंतर दवाखान्यात जाणे हा त्या प्रार्थनेचाच भाग समजावा. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले. या भागातील अनेक घरांना ख्रिस्ती माणसाची पहिली ओळख अशा रुग्णालयांतून, औषधाच्या वाटेने झाली.

जी बरी होत नाही तिच्याकडे जाणे थांबवू नका. तिला ‘विश्वास कमी पडला’ असे ऐकवणारे पुष्कळ भेटतील. रोगमुक्तीची हमी देणारी पत्रके वा अभिमंत्रित तेल कोणी आपल्याकडे वाटायला दिले तर ते परत करावे. चमत्कारिक उपचारांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा १९५४ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ते परतच करायला हवे होते.

प्रश्न : धर्मांतरविरोधी कायद्यामुळे मंडळीतले लोक शेजाऱ्याजवळ ख्रिस्ताचे नाव घ्यायलाही घाबरतात. काय करता येते आणि काय करता येत नाही? कोणी स्वतःहून बाप्तिस्मा मागितला तर मी काय करावे?
– एक तरुण पाळक, चिकोडी तालुका

उत्तर : राज्यघटनेच्या कलम २५ नुसार प्रत्येक व्यक्तीला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात असा निर्णय दिला की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे शेजाऱ्याने विचारले असता आपल्या विश्वासाविषयी बोलणे हा गुन्हा नाही.

कर्नाटकाचा कायदा डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात विधानसभेने मंजूर केला आणि २०२२ मध्ये तो अमलात आला. त्यात बळजबरी, फसवणूक, गैरवाजवी दबाव आणि आमिष यांनी केलेले धर्मांतर हा गुन्हा ठरवला आहे. आमिषाची व्याख्या विस्तृत असून भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत मोफत शिक्षण, लग्नाचे वचन, इतकेच नव्हे तर दैवी कोपाची भीती हेही तिच्यात येते. धर्मांतर करणाऱ्याने व ते करवणाऱ्याने किमान ३० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे, अशी तरतूद आहे. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा मागे घेण्याचा निर्णय केला. परंतु मंत्रिमंडळाचा निर्णय आणि विधिमंडळाने प्रत्यक्ष रद्द केलेला कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून कोणताही बाप्तिस्मा देण्याआधी त्या वेळची स्थिती वकिलाकडून लेखी समजून घ्यावी. बाप्तिस्म्यासाठी सरकारला आगाऊ कळवावे लागणे हे आम्हांला व्यक्तीच्या सद्सद्विवेकात हस्तक्षेप वाटते, आणि त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने बोलण्यास कोणाची हरकत नसावी. पण नियम असेपर्यंत तो चुकवून रात्री विहिरीवर बाप्तिस्मा उरकणे हा मार्ग नव्हे.

विलंबाविषयी मात्र आमची तक्रार नाही. प्राचीन मंडळीत उमेदवाराला तीन वर्षांपर्यंत शिकवून मगच बाप्तिस्मा देण्याची रीत होती, आणि रोमन कॅथलिक मंडळीने प्रौढांसाठी टप्प्याटप्प्याने तयारीची ती पद्धत १९७२ मध्ये पुन्हा आखून दिली. आपणही निदान वर्षभर शिकवावे, आणि त्यात तोटेही सांगावेत. अनुसूचित जातीच्या दर्जाचे वर आलेच आहे. शेतजमीन असलेल्याला हेही सांगावे की धर्म बदलल्याने त्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ नुसार धर्मांतरानंतर त्याला होणारी मुले, वारसा उघडतेवेळी ती हिंदू नसल्यास, हिंदू नातलगांच्या मालमत्तेला मुकतात. हे जो बाप्तिस्म्याआधी सांगत नाही, त्याच्यावर पुढे फसवणुकीचा आरोप झाला तर आम्हांला नवल वाटणार नाही. विवाहित व्यक्तीच्या बाबतीत पती वा पत्नीशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि अल्पवयीनांना आई-वडिलांना सोडून स्वतंत्रपणे तयार करू नये.

मदतीविषयी एकच दंडक ठेवावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा व मलप्रभेच्या काठी अनेक मंडळ्यांनी धान्य व कपडे दिले. अशा पिशवीत पत्रक घालू नये, वाटपाच्या जागी प्रवचन करू नये, आणि वाटपाचा हिशेब गावातील बिगर-ख्रिस्ती व्यक्तीच्या सहीने ठेवावा. घरगुती प्रार्थनेला ध्वनिक्षेपक नकोच. मैदानावरील कार्यक्रमाला तो हवा असेल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो.

प्रश्न : आमच्या गावात वारकऱ्यांचे भजनी मंडळ जुने आहे. आम्ही टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तन केले तर लोक ऐकतील असे वाटते. काही सभासदांना ते परधर्माचे अनुकरण वाटते, तर गावातील काहींना ती फसवणूक वाटेल अशी शंका आहे.
– भजनप्रेमी वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : पहिल्या आक्षेपाला उत्तर नारायण वामन टिळकांनी आपल्या आयुष्याने देऊन ठेवले आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, ओवी आणि कीर्तन हे सारे ख्रिस्ताच्या सेवेत आणले, आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांची पदे आपण प्रत्येक रविवारी हार्मोनियमवर गातो आणि टाळ पुढे आला की बिचकतो, यात काही संगती नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. निमंत्रणात ‘ख्रिस्ती कीर्तन’ असे स्पष्ट लिहावे, मंडळीचे नाव घालावे, आणि नुसते ‘भक्तिसंध्या’ असे मोघम छापून लोक जमवू नयेत. पूर्वरंगात विठ्ठलभक्तीची वा कोणत्याही दैवताची थट्टा नको. भजनी मंडळातील बुवांना आधी भेटावे, तालाची चूक दाखवायला म्हणून तालमीला बोलवावे. ते आले तर गाव येईल, आणि नाही आले तर का नाही आले हे त्यांच्याकडूनच कळेल. कीर्तनकार शोधताना आवाजाइतकाच पाठांतराचा विचार करावा, कारण आख्यान कागदावरून वाचणारा कीर्तनकार खेड्यात चालत नाही.

प्रश्न : सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत लाखो लोक येतात. तेथे पत्रके वाटावीत का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : वाटू नयेत. कोणी आपल्या देवीच्या दर्शनाला निघाला असताना त्याच्या हातात आपल्या देवाचे पत्रक देणे हे पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितलेल्या सौम्यतेत व आदरात बसत नाही, आणि नाताळच्या उपासनेच्या दारात कोणी तसे केले तर आपल्याला कसे वाटेल याचा विचार करावा. यात्रेच्या वाटेवर पाणी द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पेल्यावर वचन न छापता.

प्रश्न : बाप्तिस्म्याची व साक्षीची चित्रफीत आम्ही व्हॉट्सॲप गटावर टाकतो. त्याने इतरांना उत्तेजन मिळते. हे चालू ठेवावे का?
– तरुण संघ, खानापूर

उत्तर : बाप्तिस्म्याची चित्रफीत टाकू नये, त्या व्यक्तीने आनंदाने परवानगी दिली असली तरीही, कारण ती पुढे कोणाकोणाकडे जाईल हे तिलाही ठाऊक नसते आणि गावातले परिणाम तिलाच भोगावे लागतात. साक्ष ही ज्याची त्याने, ज्याला सांगायची त्याला, समोर बसून सांगावी. आतापर्यंत गटावर टाकलेल्या फिती काढून टाकाव्यात, ज्यांच्या त्या आहेत त्यांना तसे कळवावे, आणि ज्यांनी त्या पुढे पाठवल्या असतील त्यांनाही फोन करून काढायला सांगावे. उपासनेची वेळ, घरगुती प्रार्थनेचा पत्ता, आजाऱ्यांची भेट कोणी घ्यायची, अशा गोष्टींसाठी गट उपयोगी आहे, पण आजाऱ्याचे नाव व आजार तेथेही लिहू नये.